पक्ष्यांसाठी भिजवलेले आणि मोड आलेले धान्य: कसे करावे, कुठे थांबावे

दाणे खाणारे पाळीव पक्षी, म्हणजे फिंच, बजरीगर, कॅनरी, कॉकटिएल, लव्हबर्ड वगैरे, कोरड्या धान्यावर दीर्घकाळ तग धरतात. मात्र विणीचा हंगाम आला आणि घरट्यात पिल्ले चोची वासू लागली की नुसते कोरडे धान्य अपुरे पडते. रानात यांतले बहुतेक पक्षी गवताच्या बियांवर जगतात आणि त्या बिया ते नेहमी पक्क्या, वाळलेल्या अवस्थेतच खातात असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील झेब्रा फिंच पाऊस पडून गेल्यावर, गवत निसवून दाण्यात दूध भरू लागले की विणीला लागतो आणि पिल्लांना असा अर्धवट पिकलेला दाणा भरवतो. आपण पिंजऱ्यात घालतो तो दाणा साठवणीसाठी वाळवलेला असतो आणि त्यात पाण्याचा अंश साधारण १० ते १२ टक्केच उरलेला असतो. वाळलेला दाणा पुन्हा दुधाळ करता येत नाही, पण तो भिजवून त्याला मोड येऊ दिला तर मऊपणा, ओलावा आणि पचायला हलके असणे या बाबतींत तो त्या हिरव्या दाण्याच्या बराच जवळ जातो.

हे काम दिसायला अगदी सोपे आहे, आणि म्हणूनच ते निष्काळजीपणे केले जाते. पाणी, ऊब आणि वेळ मिळाली की बी जागे होते हे सर्वांना ठाऊक असते. त्याच तीन गोष्टींनी बीच्या टरफलावर बसलेले जंतू आणि बुरशीही जागी होते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. बी पुढे राहावे आणि जंतू मागे पडावेत, एवढ्यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

दाणा पाण्यात पडला की पहिले काही तास जे घडते ते निव्वळ शोषण असते. टरफलातून पाणी आत शिरते आणि दाणा फुगतो. मेलेले बीसुद्धा असेच फुगते, त्यामुळे फुगलेल्या दाण्याकडे पाहून तो जिवंत आहे की नाही हे सांगता येत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे. दाणा जिवंत असेल तर त्यानंतर त्याच्या गर्भातून जिबरेलिन नावाचे संप्रेरक पाझरते. तृणधान्यांमध्ये ते सालीलगतच्या पेशींच्या थरापर्यंत पोहोचते आणि तो थर अमायलेजसारखी विकरे, म्हणजेच एन्झाइम, तयार करू लागतो. ही विकरे दाण्यातल्या पिष्टाची साखर करतात, दुसरी काही विकरे प्रथिनांचे सुटे अमिनो आम्ल करतात, तर फायटेज हे विकर फायटिक आम्ल फोडते. फायटिक आम्ल हा बीमधला फॉस्फरसचा साठा असतो. तो जस्त, लोह आणि कॅल्शियम यांना स्वतःशी बांधून ठेवतो आणि आतड्यातून त्यांचे शोषण होऊ देत नाही. तो फुटू लागला की ही खनिजे काही प्रमाणात मोकळी होतात. थोडक्यात, पक्ष्याच्या पोटात व्हायचे पचन काही अंशी बीमध्येच आधी होऊन गेलेले असते, आणि पिल्लाच्या नाजूक आतड्याला नेमका याचाच उपयोग होतो.

मोड आल्यामुळे प्रथिने कितीतरी पटींनी वाढतात असे ठामपणे सांगितले जाते, ते मात्र तपासून घेतले पाहिजे. नुसत्या पाण्यातून प्रथिने येऊ शकत नाहीत. उगवणारे बी श्वास घेते आणि त्यासाठी स्वतःचे पिष्ट जाळते; एकूण कोरडे वजन घटते, प्रथिने जवळपास तेवढीच राहतात, म्हणून टक्केवारीत ती वाढल्यासारखी दिसतात. शिवाय मोडाच्या धान्यात पाणी भरपूर असल्यामुळे एका चमच्यामागे मिळणारी ऊर्जा कोरड्या धान्यापेक्षा कमीच असते. क जीवनसत्त्वाचेही असेच आहे. कोरड्या दाण्यात ते नगण्य असते आणि मोड येताना तयार होते हे खरे. पण बहुतेक पक्षी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात, त्यामुळे निरोगी पक्ष्याला त्याचा फार मोठा लाभ होतो असे नाही. खरा लाभ आहे तो मऊ, ओलसर, लवकर पचणारा आणि पक्ष्यांना आवडणारा घास मिळण्यात. मोडाने भरून न निघणाऱ्या उणिवाही लक्षात ठेवाव्या लागतात. बियांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, हे प्रमाण मोड आल्यावरही उलटे होत नाही. म्हणून समुद्रफेस किंवा कॅल्शियमचा अन्य स्रोत पिंजऱ्यात असावाच लागतो. अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी हिरवा पाला, ऊन आणि पूरक आहार यांची, तर तृणधान्यात कमी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लासाठी अंड्याच्या खाण्याची किंवा द्विदल धान्याची जोड द्यावी लागते.

आता जंतूंकडे वळू. ई. कोलाय हा जिवाणू सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. हा वेग कायम राहिला तर एका जिवाणूचे आठ तासांत कागदोपत्री दीड कोटीहून अधिक जिवाणू होतात. प्रत्यक्षात हा वेग इतका वेळ टिकत नाही, पण रात्रभर कोमट पाण्यात पडून राहिलेल्या धान्याला सकाळी वास का येतो हे यावरून कळते. माणसांच्या खाण्यातले मोडही या धोक्यापासून सुटलेले नाहीत: २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मृत्युमुखी पडले आणि तपासाचा धागा मेथीच्या बियांच्या मोडांपर्यंत पोहोचला. मोड काढण्याची परिस्थिती, म्हणजे ओलावा, ऊब आणि पिष्टातून सुटलेली साखर, ही जंतू वाढवण्यासाठीही आदर्श असते. झेब्रा फिंचचे वजन जेमतेम १२ ग्रॅमच्या आसपास असते आणि घरट्यातल्या पिल्लाच्या आतड्यात उपयुक्त जंतूंची वस्ती अजून नीट बसलेली नसते. त्यामुळे मोठ्या प्राण्याला जे सहज पचून जाईल तेवढ्याने पिल्लू दगावू शकते. ई. कोलाय, स्यूडोमोनास, कँडिडा ही यीस्ट आणि निरनिराळ्या बुरशी हे बिघडलेल्या ओल्या धान्यातले नेहमीचे गुन्हेगार आहेत.

म्हणून काम सुरू होते ते धान्य निवडण्यापासून, भिजवण्यापासून नव्हे. नवीन धान्य आणले की आधी उगवणक्षमता तपासावी. नीट मोजून १०० दाणे ओल्या कागदात किंवा फडक्यात पसरावेत, गुंडाळून उबदार जागी ठेवावेत, ओलावा टिकवावा आणि तीन-चार दिवसांनी किती दाण्यांना कोंब आले ते मोजावे. ९० च्या आसपास दाणे उगवले तर धान्य उत्तम समजावे. ७० च्या खाली उगवले तर ते मोडासाठी वापरू नये, असे माझे मत आहे. न उगवलेला प्रत्येक दाणा हा पाण्याने फुगलेला, पण कोणतीही प्रतिकारशक्ती नसलेला मृत दाणा असतो आणि तो शेजारच्या जिवंत दाण्यांमध्ये पडून कुजत राहतो. सडके मोड म्हणून जे टाकून द्यावे लागते त्याच्या मुळाशी पुष्कळदा पद्धतीतली चूक नसून असे जुने किंवा मेलेले धान्य असते. फुटलेले, भरडलेले, सोललेले दाणेही याच कारणाने बाजूला काढावेत. कारळे काही ठिकाणी उष्णता देऊन, न उगवण्यासारखे करूनच विकले जातात, तेव्हा त्यांच्याकडून मोडाची अपेक्षा करून उपयोग नसतो.

पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे कधीही वापरू नये. त्याला थायरम, कॅप्टन अशा बुरशीनाशकांचे लेपन केलेले असते. त्याला गुलाबी, लाल किंवा निळसर रंग दिलेला असतो, पण रंग दिसत नाही म्हणून औषध नाही असे गृहीत धरता येत नाही. धान्य खाण्याच्या दर्जाचेच असावे.

सर्वच बियांना एका वेळी मोड येत नाहीत. मुगाला एका दिवसात मोड डोकावतो, सूर्यफूल, करडई, बाजरी आणि राळा यांना साधारण दीड-दोन दिवस लागतात, कॅनरी सीड त्याहून सावकाश चालते. तयार मिश्र धान्य एकत्र भिजवले की मुगाची शेपटी लांब झालेली आणि कॅनरी सीड नुसते फुगलेले, अशी अवस्था होते. म्हणून सारख्या गतीची धान्ये एकत्र आणि बाकीची वेगळ्या भांड्यात भिजवून देण्याच्या वेळी मिसळणे सोयीचे पडते. जवस भिजल्यावर बुळबुळीत चिकट होतो आणि सगळे मिश्रण गोळा करून टाकतो, म्हणून तो कोरडाच द्यावा. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्यातून सायनाइड सुटते. ज्वारीचा कोवळा पाला जनावरांना बाधतो त्याचे कारण हेच. कोरडी ज्वारी खाणाऱ्या पक्ष्यांना ती कोरडी द्यायला हरकत नाही, मोडाच्या मिश्रणातून मात्र ती वगळावी. राजम्यासारख्या मोठ्या घेवड्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. ते भरपूर उकळल्याशिवाय नष्ट होत नाही आणि मोड आल्याने जात नाही, तेव्हा कच्चा राजमा कोणत्याही रूपात पक्ष्यांना देऊ नये.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचे घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा बादली नको, कारण पक्ष्यांना जस्ताची विषबाधा सहज होते. निथळण्यासाठी बारीक जाळीची पसरट चाळणी सर्वांत चांगली.

धान्य आधी वाहत्या पाण्याखाली चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. वर तरंगणारे फोल आणि हलके दाणे काढून टाकावेत. पहिले पाणी किती गढूळ येते ते पाहिले की ही पायरी का वगळू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर टरफलावरचे जंतू कमी करण्यासाठी अनेक पक्षिपालक सौम्य क्लोरीनचे पाणी वापरतात: सुगंध किंवा साबण नसलेले साधे घरगुती ब्लीच, म्हणजे सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर घालून त्यात दाणे दहा मिनिटे ठेवायचे आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवायचे. टरफलाच्या भेगांत लपलेले जंतू याने मरत नाहीत, पण सुरुवातीची संख्या कमी होते आणि तेवढ्यानेही बीला आघाडी मिळते. काही जण याऐवजी व्हिनेगर वापरतात. दोन्ही एकत्र मात्र कधीही करू नये, कारण ब्लीच आणि आम्ल मिसळल्यावर क्लोरीन वायू सुटतो आणि पक्ष्यांची फुप्फुसे माणसांपेक्षा कितीतरी नाजूक असतात.

भिजवण्यासाठी दाण्यांच्या तिप्पट-चौपट पाणी घ्यावे. थंड हवेत १२ तासांपर्यंत भिजवले तरी चालते, मात्र मध्ये एकदा पाणी बदलावे. हवा गरम असेल तर सहा ते आठ तास पुरे होतात. जास्त वेळ भिजवल्याने जास्त फायदा होतो हा समज उलट परिणाम घडवतो. फुगलेल्या बीला श्वासासाठी प्राणवायू लागतो आणि साठलेल्या पाण्यात तो लवकर संपतो. मग बी गुदमरते, आंबू लागते आणि वर फेस दिसू लागतो. पाण्यावर फेस दिसला की त्या घाण्याचा मोह सोडावा.

भिजून झाल्यावर पाणी काढून दाणे पुन्हा धुवावेत आणि चाळणीत पसरावेत. थर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा. उगवणारे बी श्वासाबरोबर उष्णताही सोडते, त्यामुळे जाड ढिगाच्या मध्यभागी हात घातला तर तो कोमट लागतो आणि सडणे नेमके तिथूनच सुरू होते. चाळणी तिरपी ठेवावी, म्हणजे एका बाजूला पाण्याचे थारोळे साचत नाही. दाणे ओले असावेत, पाण्यात नसावेत. दर आठ तासांनी, आणि हवा तीस अंशांच्या पुढे असेल तर दर चार-पाच तासांनी, गार पाण्याने धुऊन पुन्हा निथळत ठेवावेत. १८ ते २४ अंश सेल्सियस हे तापमान या कामाला सर्वांत सोयीचे. त्याहून थंडीत वेळ लागतो एवढेच, त्याहून उष्ण हवेत मात्र जंतूंचे पारडे जड होते. चाळणीवर सुती फडके टाकायचे असेल तर ते रोज उकळून घ्यावे, नाहीतर धुतलेल्या धान्यावर कालचेच जंतू पुन्हा पडतात.

थांबायचे कधी, हा प्रश्न वारंवार येतो. दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका फुटून तो दोन-तीन मिलिमीटर झाला की धान्य तयार झाले असे मानावे. या टप्प्यावर विकरांचे काम जोरात सुरू झालेले असते आणि दाण्यातला साठा अजून फारसा जळून गेलेला नसतो. लांब मोड दिसायला आकर्षक असले तरी तिथपर्यंत पोहोचायला लागणारे आणखी एक-दोन दिवस हे जंतूंना दिलेले जादा दिवस असतात, आणि लहान फिंचना लांब शेपट्यांचे दाणे उचलायलाही त्रास होतो. हवा दमट आणि उष्ण असेल तर मोडाचा आग्रह न धरता भिजवलेले, फुगलेले धान्यच धुऊन देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात पचनसुलभतेचा सगळा लाभ मिळत नाही, पण मऊपणा आणि ओलावा मिळतो आणि धोका बराच कमी राहतो.

धान्य चांगले आहे की बिघडले आहे हे ठरवण्यासाठी नाक हे सर्वांत विश्वासू साधन आहे. मूठभर दाणे नाकाशी धरावेत. चांगल्या मोडाला कच्च्या मटारासारखा, किंचित गवताळ वास येतो, किंवा वासच येत नाही. आंबूस, दारूसारखा, कुबट किंवा अंड्यासारखा वास आला तर पूर्ण घाणा टाकून द्यावा. धुऊन वास घालवता येतो, जंतू आणि त्यांनी सोडलेली विषद्रव्ये घालवता येत नाहीत. बोटांत चोळल्यावर दाणे बुळबुळीत लागता कामा नयेत. बुरशी ओळखताना नवशिक्यांचा एक गोंधळ हमखास होतो. कोवळ्या मुळाभोवती पांढरी, मखमली लव दिसते आणि ती बुरशी समजून चांगले धान्य फेकले जाते. ती मूलरोमांची लव असते: ती त्या एकाच मुळाला सर्व बाजूंनी सारखी चिकटलेली असते, आणि दाणा पाण्यात धरला की मुळाला लगटून दिसेनाशी होते. बुरशीचे धागे मात्र एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर जाळ्यासारखे पसरतात, बहुधा न उगवलेल्या दाण्यापासून निघतात, पाण्यातही गोळा होऊन राहतात आणि नंतर करडे, हिरवट किंवा काळे पडतात. शंका राहिली तर टाकून देणेच बरे. मूठभर धान्यापेक्षा पक्षी महाग असतो.

देण्यापूर्वी दाणे शेवटचे धुऊन, पूर्ण निथळून स्वच्छ फडक्यावर पसरून टिपून घ्यावेत. पृष्ठभाग कोरडा आणि आतून ओला, अशा दाण्यावर जंतू सावकाश वाढतात. कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वांची पूड द्यायची असेल तर हीच वेळ योग्य असते, कारण कोरड्या धान्यावरून घसरून तळाशी जाणारी पूड या दमट दाण्यांना छान चिकटते. मात्र ती देण्याच्या क्षणीच मिसळावी, कारण अनेक पुडींमध्ये साखर असते. शिल्लक धान्य झाकलेल्या डब्यात फ्रीजमध्ये चार-पाच अंशांवर दोन-तीन दिवस टिकते, पण ते रोज धुवावे लागते आणि दर वेळी वास घेऊनच वापरावे लागते.

सकाळी पक्षी भुकेलेले असताना पसरट, उथळ भांड्यात एवढेच द्यावे की ते दोन-तीन तासांत संपेल. फिंचच्या एका जोडीला सुरुवातीला एक लहान चमचा पुरतो. पिल्ले असतील तर मागणीप्रमाणे वाढवावे आणि एकदम भांडे भरण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा ताजे द्यावे. उष्ण हवेत दोन तासांनी, एरवी चार तासांनी, उरलेले काढून भांडे घासून वाळवावे. भांडे बसण्याच्या काठीखाली ठेवू नये, कारण विष्ठा पडलेले ओले धान्य हे संसर्गाचे सर्वांत सोपे साधन असते. जमिनीवर सांडलेले ओले दाणेही गोळा करावेत. मोठ्या पक्षिघरात कोपऱ्यात कुजत पडलेले दाणेच शेवटी पक्षी टिपतात आणि आजाराचा उगम मग कोणाला सापडत नाही.

ज्या पक्ष्यांनी असे धान्य पूर्वी पाहिलेले नाही ते पहिले काही दिवस त्याकडे संशयाने पाहतात. त्यांच्या नेहमीच्या कोरड्या धान्यावर चिमूटभर मोड पसरून ठेवावेत, आणि शक्य असल्यास असे धान्य खाणारा एखादा पक्षी सोबत असावा. बजरीगर आणि फिंच एकमेकांचे पाहून लवकर शिकतात. अचानक जास्त दिल्यास विष्ठा पातळ होते. त्यात पाण्याचा भाग वाढणे हे ओल्या आहाराने अपेक्षितच आहे, पण रंग हिरवा-पिवळा होणे, वास येणे, पंख फुगवून सुस्त बसणे ही बिघाडाची लक्षणे असतात. तेव्हा ओले धान्य बंद करून पशुवैद्यांना दाखवावे.

विणीसाठी हे धान्य द्यायचे असल्यास घरटी लावण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरुवात करावी. मऊ, मुबलक अन्न दिसू लागणे हा पक्ष्यांसाठी विणीचा संकेत असतो, आणि मादीला अंड्यांसाठी कॅल्शियम साठवायलाही तेवढा अवधी मिळतो. पिल्ले घरट्यात असताना पुरवठा खंडित होऊ देऊ नये, कारण मोडावर पिल्ले वाढवायला लागलेले आईबाप तो एकाएकी थांबला तर कोरडे दाणे भरवण्यास पटकन तयार होत नाहीत. म्हणून एक घाणा वापरात असताना दुसरा चाळणीत आणि तिसरा भिजत, असा क्रम ठेवावा. पिल्ले उडाल्यानंतरही त्यांच्या कोवळ्या चोचींना कोरडे टरफल सोलणे जमेपर्यंत तीन-चार आठवडे मोड चालू ठेवावेत आणि त्यांच्या शेजारीच कोरडे धान्य ठेवावे. हंगाम संपल्यावर मोठ्या पक्ष्यांचे प्रमाण हळूहळू आठवड्यातून एक-दोन वेळांवर आणावे, नाहीतर माद्या, विशेषतः कॉकटिएल आणि बजरीगर यांच्या, विश्रांती न घेता अंडी घालत राहतात आणि अंडे अडकण्याचा धोका वाढतो.